वडिलांची कंपवाताची गोळी: वेळ, पेज आणि इतरांनी दिलेली औषधे

फोंड्याची लेक, फोंडा

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, निदान झाले. त्याआधीच्या वर्षीच आजाराने खूण दाखवली होती, पण ती आम्हाला ओळखता आली नाही. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्या सामानाची यादी दरवर्षी बाबाच लिहितात. त्या वर्षी ‘नारळ’ नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात होते, ‘सुपारीचा घोस’ त्याहून बारीक, आणि ‘चिबूड, आंबाडे’ इथपर्यंत येता येता अक्षर मुंगीएवढे झाले होते. आम्ही त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला नेले.

सध्या ते लेवोडोपा १०० आणि कार्बिडोपा २५ मिलिग्रॅम असलेली सिंडोपा प्लस ही गोळी सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ अशी चार वेळा घेतात. त्याखेरीज सकाळी रासाजिलिन १ मिलिग्रॅम आणि झोपताना लेवोडोपाचीच सावकाश विरघळणारी सीआर गोळी असते. चारपाच वर्षे यावर उत्तम चालले होते. गेल्या काही महिन्यांत मात्र घडी विस्कटली आहे.

अकराची गोळी ते पेजेबरोबर घेतात. दीड वाजता जेवण असते, त्यात शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), एखादा तळलेला बांगडा आणि थोडी डाळ. तीनची गोळी घेतली की पूर्वी अर्ध्यापाऊण तासात अंग मोकळे होत असे. आता साडेचार वाजले तरी ती ‘लागत’ नाही. परवा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. पलीकडे आई पाण्याचा तांब्या घेऊन आणि अलीकडे बाबा, असे दोघे बराच वेळ नुसते उभे होते. अशा वेळी ते कोणाला न सांगता आणखी अर्धी गोळी घेतात, हे मला रिकाम्या पाकिटांवरून कळले. गिळायला त्रास होतो म्हणून रात्रीची गोळी आई खलबत्त्यात कुटून पेजेच्या निवळीतून देते. काणकोणच्या मामांनी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले आहे. झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही, असे म्हणून तेही रोज सकाळी चमचाभर सुरू झाले आहे.

त्यात भर म्हणजे दीड महिन्यापूर्वी आम्लपित्तासाठी एका डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल दिली, आणि पुढच्या महिन्यात हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. न्यूरॉलॉजिस्टची भेट साडेतीन आठवड्यांवर आहे. गोळ्यांचे प्रमाण इथे कोणी ठरवून द्यावे अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या घरात आज काय चुकते आहे आणि भेटीला जाताना नेमके काय विचारावे, एवढे जाणत्यांनी सांगितले तर उपकार होतील.

निवृत्त फार्मासिस्ट, म्हापसा

ताई, ३४ वर्षे फार्मसीच्या काउंटरमागे उभा राहिल्यामुळे मला पाकिटाची मागची बाजू आधी वाचायची सवय लागली आहे, म्हणून सुरुवात त्या कॅप्सूलपासूनच करतो. आम्लपित्ताच्या कॅप्सूलवर रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल असे नाव असते आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण त्या नावापुढे अधिकचे चिन्ह देऊन ‘लेवोसल्पिराइड’ असे लिहिले आहे का, ते आजच पाहा. नावात ‘लेवो’ आहे म्हणून लोकांना ते लेवोडोपाचे भावंड वाटते, प्रत्यक्षात ते तिच्या मुळावर उठणारे औषध आहे. डोपामिन, म्हणजे कंपवातात मेंदूला कमी पडणारे आणि लेवोडोपापासून तयार होणारे रसायन, पेशींवरच्या ज्या जागी जाऊन आपले काम करते, त्या जागाच हे औषध अडवून धरते. पोट लवकर रिकामे व्हावे आणि मळमळ थांबावी म्हणून ते देतात. परंतु ज्यांना मुळात कंपवात नाही अशा वयस्कांनाही काही आठवडे ते घेतल्यावर हातपाय ताठणे, कंप सुटणे, चेहरा निर्विकार होणे असे प्रकार होतात, आणि ज्यांना कंपवात आहे त्यांचा आजार एकाएकी बळावल्यासारखा दिसतो. मग कोणीतरी लेवोडोपा वाढवतो, म्हणजे एका पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर. चक्कर येते म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या, तसेच उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, ही सगळी याच जातीची आहेत. आपल्याकडे ‘चक्करची गोळी द्या’ म्हणून चिठ्ठीशिवाय मागणारी माणसे मी रोज पाहिली, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

आता तीनच्या गोळीकडे येऊ. लेवोडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते ती ज्या वाहकावर बसून, त्याच वाहकावर प्रथिनांतून निघणारी काही अमिनो आम्लेही बसतात. बांगडा आणि डाळ दीड वाजता पोटात गेली, जठर या आजारात तसेही मंद झालेले असते, आणि तीन वाजता गोळी पोचते तेव्हा फेरीबोटीत आधीच गर्दी झालेली असते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर किमान तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर नको. अकराच्या पेजेने फारसे अडणार नाही, कारण तांदळाच्या पेजेत प्रथिने थोडी असतात, मात्र तोंडी लावायला सुका बांगडा असेल तर हिशेब बदलतो. रिकाम्या पोटी मळमळले तर पोईचा, म्हणजे आपल्या पावाचा, एखादा तुकडा खावा. ज्यांना दुपारी हा त्रास ठळकपणे होतो त्यांना मासे, अंडी, डाळी रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगतात. प्रथिने बंद करायची नाहीत, त्यांची वेळ हलवायची आहे, कारण या आजारात वजन आणि स्नायू घटतात आणि मासे सोडून दिलेला म्हातारा माणूस महिन्याभरात खंगतो.

सीआर गोळी कुटणे मात्र आज रात्रीपासून थांबवा. ती सावकाश विरघळावी अशीच बनवलेली असते. कुटली की काही तासांत मिळायचा डोस एकदम अंगात उतरतो आणि पहाटेसाठी काही उरत नाही. साधी गोळी कुटता येते. गिळण्याचा त्रास डॉक्टरांना सांगा, ते रात्रीची गोळी बदलून देतील. शिवाय गिळताना ठसका लागत असेल तर त्याची वेगळी तपासणी व्हायला हवी.

गोळी घेताना पाकिटावरचा आकडाही प्रत्येक वेळी पाहा. प्लसमध्ये १०० आणि २५ असते; ११० म्हणून जी मिळते तिच्यात लेवोडोपा तेवढीच १०० असली तरी कार्बिडोपा केवळ १० असते; आणि २७५ मध्ये लेवोडोपा २५० असते, म्हणजे अडीचपट. कार्बिडोपाचे काम असे की लेवोडोपाचे डोपामिन वाटेतच, मेंदूबाहेर होऊ नये. त्यासाठी ती दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागते. ती कमी पडली की मळमळ आणि उलट्या सुरू होतात, आणि उलटीसाठी कोणीतरी पुन्हा ते मेटोक्लोप्रामाइड देतो. ‘प्लस नाही, पण तीच दुसरी देतो’ असे काउंटरवर कोणी म्हटले तर दोन्ही आकडे जुळल्याशिवाय घेऊ नका.

रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेवोडोपात दोन तासांचे अंतर ठेवा, लोह तिला आतड्यातच बांधून टाकते. आणखी एक, जे पुस्तकापेक्षा मला गोव्याच्या पावसाने शिकवले: गोळ्या आठवड्याच्या डबीत सोलून भरून ठेवू नका. ओलसर हवेत लेवोडोपा काळवंडते. बाबांच्या गंजीफ्रॉकवर घामाचे तपकिरी डाग पडत असतील किंवा लघवी गडद होत असेल तर त्याने घाबरू नका, तोही याच औषधाचा रंग आहे. पण गोळीच काळपट दिसली तर ती टाकून द्या.

साखळीची सून, साखळी

फार्मासिस्टकाकांनी मेटोक्लोप्रामाइडचे नाव घेतले म्हणून लिहिते. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया ज्या खाजगी इस्पितळात झाली तिथे कोणाच्या मनात खोट नव्हती, हे आधी सांगते. पण वॉर्डात औषधे आठ, दोन आणि आठ अशी वाटली जात, आणि सासूबाईंचा लेवोडोपाचा दिवस पाच गोळ्यांचा, पहिली सकाळी सहाला. ‘रोज पाच गोळ्या’ असे मी तोंडी सांगितले होते. परिचारिकेने त्या तीन फेऱ्यांत बसवल्या. भूल उतरल्यावर उलट्या झाल्या आणि रात्रपाळीला इंजेक्शन दिले गेले. सकाळी मी गेले तर त्या डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या, पापणी लवत नव्हती, आणि चमच्याने घातलेले पाणी तोंडाच्या कडेने खाली येत होते. एका तरुण डॉक्टरांनी मेंदूत काही झाले असेल म्हणून स्कॅनची तयारीही केली. इंजेक्शनची रिकामी कुपी खोलीतल्या ट्रेमध्येच होती. तिचा फोटो काढून मी आमच्या न्यूरॉलॉजिस्टना पाठवला आणि त्यांनी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ते बंद करवले, उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन सांगितले, आणि गोळ्या नाकातल्या नळीतून ठरल्या वेळी सुरू करवल्या. त्यांना पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन दिवस लागले.

तेव्हापासून त्यांच्या बटव्यात एक कागद असतो. त्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, गोळ्यांच्या वेळा घड्याळाच्या आकड्यांनी लिहिल्या आहेत. ‘दिवसातून पाच वेळा’ असे लिहिले की लोक आपल्या सोयीच्या वेळा धरतात. त्याखाली जी औषधे द्यायची नाहीत त्यांची नावे आहेत: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेवोसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल. कागदावर डॉक्टरांची सही घेतली आहे, कारण घरच्या बाईने लिहिलेला कागद आणि सही असलेला कागद यांना वॉर्डात मिळणारी वागणूक वेगळी असते. ताई, तुमची शस्त्रक्रिया ठरलेली आहे, म्हणजे तुमच्या हाती वेळ आहे. तो मला नव्हता.

पेडणेकर वाचक, पेडणे

वरील मंडळींचा अनुभव मोठा आहे, तरी एक वेगळे मत मांडतो. लेवोडोपा ही पाच वर्षांनी निकामी होते असे आम्ही ऐकत आलो आहोत. माझ्या काकांनी म्हणूनच ती घेणे जमेल तितके लांबवले. मग अशा वेळी गोळ्या काही दिवस पूर्ण थांबवून शरीराला विसावा द्यावा आणि त्या काळात खाजकुयलीच घ्यावी, म्हणजे गोळीचा गुण परत येईल, असे का करू नये? आयुर्वेदात कंपवातावर तिचा उपयोग जुना आहे.

फिजिशियन, मडगाव

पेडणेकरांच्या सूचनेला आधी उत्तर देतो, कारण कोणी ती वाचून उद्या अमलात आणली तर जिवावर बेतेल. गोळ्या काही दिवस बंद ठेवण्याचा प्रकार १९७० च्या दशकात आणि त्यानंतर काही काळ डॉक्टरांनीही करून पाहिला होता आणि रुग्णांच्या जिवाला धोका होतो हे दिसल्यावर तो सोडून दिला. लेवोडोपा एकदम थांबली की काही रुग्णांना जोराचा ताप येतो, अंग लाकडासारखे कडक होते, घाम फुटतो, भान हरपते आणि स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असे काही दिसले तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसू नका, १०८ ला फोन करा.

‘पाच वर्षांनी निकामी’ हा समजही खरा नाही. गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो, कारण मेंदूतल्या डोपामिन साठवणाऱ्या पेशी आजाराने कमी होत जातात आणि मग रक्तातल्या लेवोडोपाची, जिचा निम्मा भाग दीडएक तासात निघून जातो, चढउतार जशीच्या तशी अंगावर उमटते. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना लेवोडोपा लगेच दिली, बाकीच्यांना ४० आठवडे थांबवून दिली. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत आजाराच्या वाढीत फरक आढळला नाही. तुमच्या काकांनी गोळी लांबवून जे गमावले ते त्या काळातले हिंडणेफिरणे.

खाजकुयलीचा मी अनादर करत नाही. तिच्या बियांत लेवोडोपाच असते; १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या शास्त्रज्ञांनी ती त्यातून वेगळी काढली होती, म्हणजे गोळी येण्याच्या कितीतरी आधी. अडचण तिथेच आहे. बाबा सकाळी सातला गोळी घेतात आणि वर चमचाभर चूर्ण, म्हणजे तेच औषध दोनदा, आणि दुसऱ्या वेळी किती ते मामांनाही माहीत नाही, कारण प्रत्येक बीला आणि प्रत्येक चमच्याला प्रमाण वेगळे. चूर्ण थांबवायचे तेही न्यूरॉलॉजिस्टना कळवून, कारण सकाळच्या गोळीचा त्यांनी लावलेला हिशेब त्याने बदललेला असू शकतो. हा फोन भेटीची वाट न पाहता करा.

अर्ध्या गोळीबद्दल. तुमचे बाबा लबाडी करत नाहीत, उंबरठ्यावर अडकलेला माणूस दुसरे काय करणार? तरी ती अर्धी गोळी सांगितल्याशिवाय नको, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे जेवणाने अडलेली तीनची गोळी आणि ही अर्धी साडेचारला एकत्र पोचतात, आणि मग हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागणे, उभे राहताच रक्तदाब उतरून तोल जाणे, किंवा नसलेली माणसे दिसणे, असे काहीही होऊ शकते. दुसरे म्हणजे तुम्ही डॉक्टरांना चार गोळ्या सांगाल आणि ते चारचाच हिशेब करतील. तीनचार दिवस एका वहीत दर तासाला एक शब्द लिहा: अडकलेले, मोकळे, किंवा हलणारे. ‘हलणारे’ म्हणजे कंप नव्हे. कंप ठेक्यात असतो, ही हालचाल नाचल्यासारखी, वळवळती असते, आणि घरची माणसे तिलाच आजार समजून गोळी वाढवतात. शेजारी गोळीची खरी वेळ आणि जेवण लिहा. अशी वही घेऊन येणाऱ्या रुग्णाचे काम दहा मिनिटांत होते. झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांनी असा दोनदा रक्तदाबही मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर तेही लिहा.

हर्नियासाठी भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटणे सर्वांत महत्त्वाचे. ‘मध्यरात्रीनंतर काही घ्यायचे नाही’ ही सूचना अन्नासाठी असते. लेवोडोपा सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही पाण्याच्या घोटाबरोबर देतात, आणि तशी लेखी सूचना मागून घ्या. शक्य असेल तर त्या दिवसाची पहिली शस्त्रक्रिया मागा, म्हणजे वाट पाहण्यात गोळी चुकणार नाही. भूलतज्ज्ञांना द्यायच्या औषधांच्या यादीत रासाजिलिनचे नाव विसरू नका. ती छोटी, दिवसातून एकदाची गोळी असल्यामुळे घरचे लोक ती सांगायला हमखास विसरतात, पण ती चालू असताना पेथिडिन आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामके वर्ज्य आहेत, आणि ती बंद केली तरी तिचा असर जायला १४ दिवस धरतात. ती आधी थांबवायची की चालू ठेवायची, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. खोकल्याच्या पुष्कळ सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, तेही रासाजिलिनबरोबर चालत नाही. नैराश्यावरची औषधेही विचारल्याशिवाय नकोत.

शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रात्री बाबा गोंधळले, बडबडू लागले, तर आधी ताप, लघवी तुंबणे आणि बद्धकोष्ठ पाहायला सांगा. शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल टोचू नये, हे त्या सही केलेल्या कागदावर असू द्या. साखळीच्या ताईंचा कागद मी माझ्या रुग्णांसाठी उचलतो आहे.

डिचोलीचा रुग्ण, डिचोली

मी ५८ वर्षांचा असून स्वतः रुग्ण आहे. मी ज्या प्रॅमिपेक्सोलबद्दल लिहितो आहे ते औषध प्रश्नकर्तीच्या वडिलांना सध्या नाही, परंतु लेवोडोपाचा असर लवकर ओसरू लागला की पुष्कळदा प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल जोडतात, म्हणून भेटीपूर्वी हे वाचलेले बरे.

मला प्रॅमिपेक्सोलने पहिल्या वर्षी खूप आराम दिला. दुसऱ्या वर्षी मी मोबाइलवर रमी खेळू लागलो. आयुष्यात मी पत्त्यांना हात लावला तो फक्त चवथीच्या जागरणाला, आणि इथे पहाटे चार वाजता ओसरीवर अंधारात बसून पैसे लावत होतो. सांगायला लाज वाटते, पण बायकोला पासबुक भरून आणल्यावर कळले. तिला वाटले मी बिघडलो. मलाही तेच वाटले. गोळीमुळे असे होते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही डॉक्टरांना जुगाराचे सांगायचे असते असे समजत नव्हतो. जुगार, अनावर खरेदी, सतत खाणे, लैंगिक इच्छा वाढणे, हे या औषधांचे माहीत असलेले परिणाम आहेत. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी केली, एकदम नाही, आणि दोन महिन्यांत ती ओढ ओसरली. गेलेले पैसे परत आले नाहीत.

दुसरी गोष्ट झोपेची. म्हापशाहून स्कूटरवरून येताना, ऊन डोक्यावर असताना, मला एका क्षणी डुलकी लागली. आधी जांभई नाही, जडपणा नाही. शेताच्या बांधावर गाडी गेली म्हणून वाचलो. नवी गोळी सुरू झाली तर बाबांना गाडीची किल्ली देऊ नका, आणि घरातल्या एकाने पैशांवर लक्ष ठेवा. त्यांना अपमान वाटेल. मलाही वाटला असता, तरी कोणी ठेवायला हवे होते.

फोंड्याची लेक, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पाकिटाच्या मागे लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम असे स्पष्ट छापलेले होते. ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांना दोष देता येत नाही, कारण बाबांनी त्यांना ‘बीपीची गोळी आहे’ एवढेच सांगितले होते. कंपवाताचे नाव शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यासमोर काढायला त्यांना संकोच वाटला. ते डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. मी जाऊन सांगितल्यावर त्यांनी लगेच नुसत्या पँटोप्राझोलवर बदलून दिले.

न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलले आणि त्यांनी भेट पुढच्या आठवड्यावर आणली. लेवोसल्पिराइडचा परिणाम उतरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तोवर लेवोडोपा वाढवायची नाही, असे त्यांनी सांगितले. चूर्ण बंद झाले. मामा थोडे रुसले. रात्रीच्या सीआर गोळीऐवजी साधी गोळी दिली आहे, ती दहा वाजता द्यायची. वहीत बाबा स्वतः लिहितात, आणि दर तासाच्या रकान्यात ‘मोकळे’ लिहायची त्यांना इतकी हौस आहे की आईला शेजारी वेगळी खूण करावी लागते. मासा रात्रीवर हलवल्यापासून, म्हणजे नऊ दिवसांत, तीनची गोळी सात दिवस चारच्या आत लागली.

एकच शंका उरली आहे. रात्री मासा खाल्ल्यावर दहाची गोळी अडणार नाही का?

निवृत्त फार्मासिस्ट, म्हापसा

थोडी अडेल. म्हणून जेवण साडेनऊवर ढकलू नका. सातची गोळी पाण्याबरोबर, पावणेआठला पान, आणि मासा एकच तुकडा, दोन नव्हेत. रात्री कूस बदलता येत नाही किंवा पहाटे पायाची बोटे आखडून दुखतात, असे झाले तर तेही वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात दाखवा. आणि बाबांनी लिहिलेले ‘मोकळे’ व आईची खूण जिथे जुळत नाही ती पाने डॉक्टरांना आधी उघडून द्या.